कागदावर मेलेला मेंढा

अश्फाकनं रंगुबाईंचा मेंढा कागदावर मारला, तोही सही-शिक्क्यानिशी : शंभरातल्या एक्याऐंशी पेशी मृत, पैदाशीस निरुपयोगी.

रंगुबाई जतकडच्या. मेंढा टेम्पोत घालून त्या तपासणीला विश्रामबागच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत आल्या होत्या. डॉक्टरांनी आवारातच वीर्य काढून दिलं. निकाल ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "मग जाता जाता मिरजेत खाटकाला देते. फुकट कोन पोसनार?"

अश्फाक तिथला तंत्रज्ञ, मूळचा म्हसवडचा, वडील छत्र्या दुरुस्त करायचे. घरातला पहिला बी.एस्सी. तोच आणि घरात पहिला फ्रिज आणणाराही तोच. तेव्हापासून फ्रिजवर त्याची अपार श्रद्धा. डाळीपासून गोंदापर्यंत सगळं आत. प्रयोगशाळेतली रंगाची बाटलीही उन्हानं नासेल म्हणून त्यानं सकाळी फ्रिजमध्येच सारली होती. हा रंग मेलेल्या पेशीत शिरतो, जिवंत पेशी त्याला दारातच अडवते. गुलाबी दिसली ती मेली, पांढरी राहिली ती जिवंत.

तासाभरात आणखी दोन मेंढे आले. त्यांच्याही पेशी गुलाबी.

"तीन गावचे तीन मेंढे एकाच दिवशी निकामी?" शेजारच्या टेबलावरची सोनिया म्हणाली. "मेंढ्यांचं सोड, तुझी बाटली बघ."

बाटली बर्फासारखी. अंगातून नुकत्याच निघालेल्या ऊन पेशींवर त्यानं गार रंग ओतला होता. त्या धक्क्यानंच त्या मेल्या होत्या.

त्यानं फोन लावला. "मावशी, मेंढा दिला का?"

"सौदा चाललाय."

"देऊ नका! चूक माझी हाय. परत या."

"मघाशी मेला म्हनलास, आता जित्ता म्हनतोस. मधी काय खाल्लंस रं?"

टेम्पो परतला. रंग, काचा सगळं अंगाइतकं कोमट केलं. पुन्हा वीर्य द्यायला मेंढ्यानं आधी तोंड फिरवलं. त्याचाही विश्वास उडाला असावा. घटकाभरानं राजी झाला. अश्फाकनं दोनशे पेशी मोजल्या, मग आपला आकडा न सांगता सोनियाला मोजायला लावल्या. त्याच्या मोजणीत अठ्ठ्याहत्तर टक्के जिवंत, तिच्या मोजणीत सत्त्याहत्तर. त्यानं पहिला कागद फाडला.

"कागद फाडलास, पन मी दिराला फोन करून बसले," रंगुबाई म्हणाल्या. "कोंडीबानं एव्हाना वाडीभर केलं आसंल. आता तूच येऊन चार मान्सांत सांग, मेंढ्यात खोट न्हाई म्हनून."

"येत्या रविवारी येतो."

पाच महिन्यांनी कोकरं झाली. तरी रंगुबाईंचा फोन येतोच, "कोंडीबा म्हनतो, कोकरं दुसऱ्या मेंढ्याची. कवा येतोस?"

अश्फाक म्हणतो, रविवारी.