काटेमामाची वही

माझा मामा वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानातला काटा, सोनाराचा काटा, दवाखान्यात बाळं ठेवतात तो काटा, त्याला कशाचंच वावडं नाही. सख्खी भाची मी एकटीच, पण अख्खा रस्ता त्याला काटेमामा म्हणतो. त्याचा शिरस्ता ठरलेला आहे. काटा टेबलावर घेतला की आधी रिकामं पारडं गिऱ्हाइकाला दाखवायचं, "शून्य बघा" म्हणायचं, आणि मग वहीत दोन आकडे लिहायचे. काटा आला तेव्हा काय दाखवत होता आणि गेला तेव्हा काय. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याची सुटका नाही.

असा हा माणूस रविवारी दुपारी त्याच टेबलावर आम्हाला खेळवतो. प्रत्येकाने मनातून एक शूर माणूस उभा करायचा, मामा गोष्ट सांगणार, आणि वार बसला की हुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. शेजारचे दाताचे डॉक्टर चोर होतात. आठवडाभर लोकांची तोंडं उघडून झाली की रविवारी ते कुलपं उघडतात. मी मांत्रिक, आणि मला ऐन वेळी मंत्र आठवत नाहीत. आई भालेवाली.

आईने तीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काजं केली. काज नीट झालं तर कोणाचं लक्ष जात नाही, वाकडं झालं तर सगळ्यांचं जातं. निवृत्त झाल्यावर मीच तिला खेळायला ओढून नेलं. चौथ्या रविवारी तिच्या भालेवालीने दरीतल्या राक्षसाला एका वारात लोळवलं आणि आईचा नूरच पालटला. भाजी घेतानासुद्धा हात कमरेवर. शेजारणीला राक्षसाची हकीकत दोनदा सांगून झाली, तिसऱ्यांदा ती सापडेना. मी आईला चिडवायचे, पण तिला तसं बघून मला फार बरं वाटायचं.

सगळे फासे मामाच टाकायचा, आमचेसुद्धा. टेबल अरुंद, फासे घरंगळून स्प्रिंगांच्या डब्यात जातात, हे त्याचं कारण. टाकायचा तेही आडोशामागे. काट्याच्या खोक्याचा पुठ्ठा त्याने तीन घड्या घालून समोर उभा केला होता. आकडा आधीच दिसला तर गोष्टीतली मजा जाते म्हणे.

एका रविवारी शत्रूच्या सेनापतीने भालेवालीला पुलावर गाठलं. तिच्यात फारसा जीव उरला नव्हता. दहाच्या वर पडलं की खेळ खलास. मामाने फासा टाकला, वाकून बघितला आणि म्हणाला, "सहा. वार हुकला."

आईने श्वास सोडला. नेमका तेव्हाच डॉक्टरांनी बिस्किटाकडे हात नेला आणि त्यांच्या कोपराने पुठ्ठा आडवा झाला. फासा सगळ्यांसमोर उघडा पडला. एकोणीस.

"माझं लक्ष नव्हतं," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. लक्ष चांगलं होतं.

"दादा, हे कधीपासून चाललंय?" आईने विचारलं.

"अगं, एखाद्या वेळी..."

"लहानपणी कॅरममध्ये राणी माझ्यासाठी भोकाशी आणून ठेवायचास, तसं? लग्न होईपर्यंत मला वाटत होतं, माझा नेम चांगला आहे."

मला हसू आलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं. पुलाचं तिला काही नव्हतं. "आणि राक्षस?" ती म्हणाली. "तो मी मारला, की तू?"

आता मामाच्या हो-नाहीला कोण विचारणार होतं? तो उठला, खण उघडून एक वही काढली आणि आईपुढे ठेवली. काट्यांच्या वहीसारखेच दोन रकाने होते, वर लिहिलं होतं, 'पडला' आणि 'सांगितला'. सवयीपुढे इलाज नाही, पठ्ठ्याने प्रत्येक फासा लिहून ठेवला होता. लबाडी करून ती स्वतःच्या सुवाच्य अक्षरात नोंदवणारा लबाड मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

आईने चष्मा लावला आणि पानांवरून बोट फिरवलं. सात ठिकाणी आकडे जुळत नव्हते. सातही वेळा भालेवालीचा जीव वाचला होता. माझा मांत्रिक दोनदा बुडाला तेव्हा आकडे अगदी चोख होते, ते मी मामाला विसरू देणार नाही. मग आईचं बोट चौथ्या रविवारवर थांबलं. पडला वीस, सांगितला वीस.

तिने ती ओळ पुन्हा वाचली. "म्हणजे ही सातही नंतरची."

"त्या दिवशी खेळून घरी जाताना तू जिन्यात गात होतीस," मामा खाली बघत म्हणाला. "मग त्या बाईला मरू द्यायचा मला धीर होईना."

आईचे डोळे भरून आले, पण आवाज हलला नाही. "एकोणीस पडलाय. भालेवाली मेली. राक्षस मारून मेली, तेवढं पुरे. नवी बाई उभी करायला मला कोरा कागद दे. आणि यापुढे माझे फासे मी टाकणार."

फासे घरंगळू नयेत म्हणून मामाने एक पितळी पारडं आणलं. ठेवण्याआधी तिरकं करून आम्हा तिघांनाही दाखवलं, "रिकामं आहे, बघा." मग आडोशाचा पुठ्ठा घडी करून कपाटामागे सारला.

नव्या बाईच्या अंगात ताकद किती, हे ठरवायला आईने फासा टाकला. तीन. साधी बादली उचलायचीही पंचाईत. मामाचा हात नकळत फाशाकडे सरकला. आईने त्यावर हलकेच चापट मारली, त्याची वही ओढून घेतली आणि दोन्ही रकान्यांत स्वतःच्या हाताने तीन लिहिले.