तळ्यावर न झालेली सभा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. ऐकल्यावर मी तुम्हाला आवडणार नाही — ठाऊक आहे.

खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. तारखांवरून. रोज परिपाठाला फळ्यावर दिनविशेष: जयंती, पुण्यतिथी, सण. वर्षाचा तक्ता जूनमध्येच तयार, प्रत्येक महिन्याला वेगळा रंग. तक्ता न करता शिकवणाऱ्यांची मला कीव यायची — कीव कसली, तुच्छताच.

एका वर्षी जुलैतला एक चौकोन कोरा राहिला. दुसऱ्या दिवशी तपासणी. शोधायला किती वेळ लागला असता? अर्धा तास. मी सरळ लिहून टाकलं — या दिवशी आपल्या गावच्या तळ्यावर इंग्रजांविरुद्ध शेतकऱ्यांची सभा झाली. सालही ठोकून दिलं. साहेबांनी शेरा दिला: 'स्थानिक इतिहास, उत्तम.' इतके आम्ही स्वस्त — तेही, मीही.

आठवड्याने सातवीतली सुगंधा परिपाठात उभी राहिली. गावातल्या जुन्या भातशेतकऱ्याची नात. शिकवलेलं घरी जाऊन विचारणारी ती एकटीच.

"बाई, आजा बोलला, अशी सभा झालीच नाय. तवा तळंच नव्हतं. त्यानंच खनलंय ते, मागनं, दुष्काळात."

चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं ना? मी म्हणाले, "तुझा आजा कितवी शिकलाय गं?"

"अंगठा लावतो, बाई!" मागून कुणीतरी ओरडलं. पोरं खदखदली. मीही हसले — हो, हसले. मग तिलाच ती ओळ मोठ्यानं वाचायला लावली. दोनदा.

दहावीपर्यंत तिनं एकही प्रश्न विचारला नाही. इतिहासात मार्क उत्तम. उत्तरं माझ्याच शब्दांत, जशीच्या तशी. त्याचंही मी कौतुक केलं. असली मी शिक्षिका.

आता दर वर्षी त्या तारखेला शाळेची फेरी तळ्यावर जाते. गेल्या वर्षी तिथं नव्वदीतल्या आज्याचा सत्कार झाला — सभा पाहिलेला शेवटचा माणूस म्हणून. नाव मीच सुचवलं होतं. का? कार्यक्रमपत्रिकेत सत्काराची जागा रिकामी होती.

"मी नाय बगितली कंची सभा," तो माईकवर म्हणाला.

"म्हातारा इसरला रं," कुणीतरी म्हणालं. लोक प्रेमानं हसले. सुगंधा त्याचा दंड धरून उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी पुढे झाले, त्याच्या खांद्यावर शाल घातली आणि सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.