मुकादमामार्फत

तिसरी घंटा झाली आहे असं समजा. पडदा वर जातो तेव्हा समोर प्राण्यांच्या दवाखान्यातली अरुंद खोली आहे. एका भिंतीला लाकडी बाक, समोरच्या भिंतीवर घोड्याचं भलंमोठं चित्र, हवेत औषधांचा उग्र वास. बाकाच्या या टोकाला सोफे दुरुस्त करणारे आपले गादीवाले, त्या टोकाला त्यांची बायको. मधली जागा एरवी मुकादमाची. ती आज रिकामी आहे.

मुकादम म्हणजे त्यांचा कुत्रा. दुकानातल्या सगळ्यांत मऊ सोफ्यावर पसरायचं आणि राबणाऱ्यांवर नजर ठेवायची, एवढंच तो करी, म्हणून हे नाव. पिल्लू असताना गादीवाल्यांनी त्याला कुणाला न विचारता घरी आणलं, तेव्हा बायकोने निक्षून सांगितलं होतं, "आजपासून मी तुमच्याशी बोलणार नाही." पण घरात बोलायला तिसरं होतं कोण? ती पिल्लाशीच बोलू लागली.

"मुकादम, विचार तुझ्या बाबांना, जेवायला येताय की फोमच चावणार?"

गादीवालेही काही कमी नव्हते. "मुकादम, सांग तुझ्या आईला, फोम निदान खारट तरी नसतो."

रुसवा आठवडाभरात विरून गेला, संवाद मात्र तसेच चालू राहिले. आजारपणं, घरमालकाची कटकट, भावाबहिणींची लग्नं, सगळं मुकादमामार्फत. तोही प्रत्येक वाक्याला मान वळवून ज्याच्या त्याच्याकडे बघायचा. इतकं चोख काम करणारा नट कुठल्याही नाटक कंपनीने डोक्यावर घेतला असता.

कालपासून मात्र त्याने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टरीणबाई आत्ताच सांगून आत गेल्या होत्या, "पोटात काहीतरी गोल अडकलंय. ऑपरेशन करावं लागेल. पण वय झालंय त्याचं, भुलीतून उठेलच असं नाही सांगता येत. मी सलाईन लावते, तोवर तुम्ही दोघं बोलून ठरवा."

बोलून ठरवा! ते गोल काय असेल, हे गादीवाल्यांना आतून कळलं होतं. परवा सोफ्याच्या पाठीला बटणं लावताना एक हातून निसटलं होतं. निळ्या मखमलीचं, बायकोने स्वतः कापड चढवलेलं. कोण वाकतंय, म्हणून त्यांनी सरळ दुसरं लावलं.

सांगायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण पहिल्यांदाच रंगमंचावर ढकललेल्या नटासारखी त्यांची जीभ टाळ्याला चिकटली. हातात मुकादमाचा नुसता पट्टा होता.

बायकोची गतही तीच. शेवटी तिने समोरच्या चित्राकडे पाहिलं. "घोडेबुवा, विचारा ना त्यांना, ते गोल काय असेल?"

गादीवाल्यांनी पट्ट्याकडे बघत उत्तर दिलं. "सांग तिला, बटण आहे. माझ्या हातून पडलं. मीच उचललं नाही."

आता तोफ सुटणार म्हणून त्यांनी खांदे आवळून धरले. पण सुटलं भलतंच.

"घोडेबुवा, मला दिसलं होतं ते." बायकोचा आवाज चिरकला. "मी शिलाई मशीनवरूनच म्हटलं, मुकादम, सांग बाबांना, ते बटण उचला. मशीनच्या खडखडाटात यांना ऐकूच गेलं नसणार."

ज्याला ऐकू गेलं होतं, त्याने ते उचललं होतं.

आतून एक बारीक कण्हणं आलं. दोघंही एकदम उठून उभी राहिली.

"करू या म्हणावं ऑपरेशन," गादीवाले पुटपुटले.

"हो म्हणावं," बायको म्हणाली, आणि डोळे पुसत तिनेच आतलं दार ढकललं.

संध्याकाळी मुकादम घरच्या जुन्या सोफ्यावर आडवा होता. पोटावर पट्टी, श्वास हळू, डोळे अर्धवट मिटलेले. आजची रात्र नीट गेली तर धोका टळला, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. दोघं त्याच्या दोन बाजूंना जमिनीवर बसली होती. त्याचं पोट खालीवर होताना मोजल्यासारखी बघत होती.

बायको त्याच्या कानाशी वाकली. "मुकादम, विचार रे तुझ्या बाबांना..."

मुकादमाचा कान हललासुद्धा नाही. तिचं वाक्य तिथेच अडकलं.

गादीवाल्यांनी पट्टा बाजूला ठेवला आणि कित्येक वर्षांनी थेट तिच्याकडे बघून म्हणाले, "अगं, झोपू दे त्याला. काय असेल ते मलाच सांग."