पाच औषधं न जुमानणाऱ्या कोंबड्या

आमच्या बोका दे ताग्वा गावात पळती कोंबडी हाताने पकडणारं माणूस एकच, दोमितिलामावशी. वय एकसष्ट. ती कोंबडीच्या मागे धावत नाही. कोंबडी जिथे जाणार तिथे आधीच जाऊन उभी राहते. राजधानीतून, कितोच्या विद्यापीठातली माणसं आली तेव्हा पहिल्या दिवशी त्यांनी दोन कोंबड्या धरल्या आणि त्यांचा एक माणूस नदीत पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीला कामावर घेतलं.

काम असं होतं: दर महिन्याला गावातल्या चौतीस घरांच्या कोंबड्या धरायच्या, प्रत्येकीच्या ढुंगणात कापसाची काडी फिरवायची, काडी नळीत घालायची, नळीवर घराचा नंबर लिहायचा. नळ्या बर्फाच्या पेटीत आणि पेटी बुधवारी माझ्या नावेतून बाजाराच्या गावी, बोर्बोनला. पेटीत काय आहे असं प्रवाशांनी विचारलं की मी मासे म्हणायचो. एकदा खरं सांगितलं तर सगळे एका बाजूला सरकले आणि नाव कलली.

गाव तिला बुडाची डॉक्टरीण म्हणू लागलं.

"डॉक्टरीणबाई, आज कुणाकुणाचं तपासलंत?"

"तुझं राहिलंय. ये, काडी आहे शिल्लक."

तिच्या शेजारी निन्फा कैसेदो राहते. दोघी एकमेकींच्या मुलींच्या धर्ममाता. त्यामुळे एकमेकींना कोमाद्रे म्हणतात आणि सख्ख्या बहिणींपेक्षा जास्त भांडतात. निन्फा बोर्बोनहून बॉयलरची पन्नास पिल्लं खोक्यातून आणायची आणि जाळीच्या खुराड्यात सहा आठवडे वाढवून विकायची. दुकानदार पिल्लांबरोबर एक पिवळी पुडी द्यायचा. ती पाण्यात कालवली की पिल्लं मरत नाहीत, असं त्याचं म्हणणं. पुडीत काय असतं हे निन्फाने कधी विचारलं नाही. पिवळी आहे, एवढं तिला पुरेसं होतं.

मावशीच्या कोंबड्या गावरान. खांबांवरच्या घराखाली मोकळ्या फिरायच्या, औषधाचा थेंब नाही. निन्फाच्या पांढऱ्या कोंबड्यांकडे बघून ती म्हणायची, "ही काय कोंबडी म्हणायची? उशीला चोच लावलीय."

वर्षाने विद्यापीठाची मारिबेल शाळेच्या ओसरीवर निकाल वाचायला आली. आधी तिने समजावलं. कोंबडीच्या आतड्यात जंतू असतातच, त्यांनी कोंबडी आजारी पडत नाही. पण पिवळ्या पुडीतल्यासारखं औषध रोज थोडं थोडं पोटात गेलं, की त्या औषधाला पुरून उरणारे जंतूच मागे राहतात. वर ती कला ते शेजारच्या जंतूंनाही शिकवतात.

"घर नंबर सतरा, निन्फाबाई. कोंबड्यांच्या जंतूंवर पाच औषधं चालत नाहीत."

सगळ्या गावाने निन्फाकडे बघितलं. मावशीने शांतपणे मान हलवली, हे आपल्याला ठाऊकच होतं अशी.

"घर नंबर अठरा, दोमितिलाबाई. पाच."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल," मावशी म्हणाली.

"नंबर तुम्हीच लिहिलेत, बाई."

"मग परत घेते. सगळ्यांसमोर."

तिने परत घेतलं. अर्धं गाव साक्षीला, कोंबड्या धरायला निन्फा. महिन्याने उत्तर आलं. पाच.

"तुझी घाण माझ्या कोंबड्यांच्या पोटात गेली," मावशी कुंपणाशी उभी राहून म्हणाली.

"माझ्या जाळीत असतात, कोमाद्रे. तुझ्याच येतात माझ्या खुराड्याखाली सांडलेलं टिपायला. बोलावलं नाही, काही नाही. जावयासारख्या येतात."

हे खरं होतं, म्हणून मावशीने तिच्याशी बोलणं टाकलं. आपल्या बाजूला तिने बांबूचं उंच कुंपण घातलं. कोंबड्या त्यावर बसून पलीकडे उतरू लागल्या.

विद्यापीठाने माणसांचेही नमुने घेतले होते. मावशीचा निकाल बंद पाकिटातून आला: त्या पाचांपैकी तीन.

"मी अठ्ठ्याण्णव सालापासून एक गोळी गिळलेली नाही," ती मारिबेलला म्हणाली.

"ती तुम्हीच गिळायला हवी असं नसतं, मावशी."

मावशीने तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवला.

पावसाळ्याच्या शेवटी निन्फाला लघवीला आग होऊ लागली. मग ताप, मग कमरेत कळ. आरोग्यकेंद्राच्या नर्सबाईंनी गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरायचा तो वाढला. मावशीने अबोला मोडला नाही; निन्फाला ओलांडून ती थेट नर्सबाईंशीच बोलली.

"ही गोळी तिला चालायची नाही. ह्या कागदावर लिहिलंय."

"दोमितिलाबाई, तुमचं खातं कोंबड्यांचं."

"म्हणूनच सांगतेय."

"आणि हा कागद तुमचा आहे, ह्यांचा नाही."

"आम्ही एका नदीचं पाणी पितो. एकमेकींच्या कोंबड्या खातो. बरं, कागद राहू दे. गोळीने तीन दिवसांत काय केलं, तेवढं सांगा."

नर्सबाईंनी थर्मामीटर पाहिला. पुन्हा झटकून लावला, पुन्हा पाहिला. मग बोर्बोनच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली.

पहाटे मी नाव काढली. चार तासांचा रस्ता. निन्फा तळाशी गोधडीवर, मावशी तिच्या डोक्यावर छत्री धरून.

"मेले तर तुझ्या कोंबड्या येतील का गं मयताला?" निन्फाने डोळे मिटूनच विचारलं.

"त्या कुठेही येतात," मावशी म्हणाली. अबोला तिथे संपला. मावशी मान वळवून नदीकडे बघत राहिली आणि छत्री तिकडेच कलली, त्यामुळे निन्फा उन्हात आली. तिने तक्रार केली नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो आणि मोटर वाढवली.

दवाखान्यात लघवी तपासली. गोळ्या चालणाऱ्या नव्हत्याच. वेगळं औषध सलाइनमधून नऊ दिवस दिलं. मावशी नऊ दिवस बाकावर झोपली. हे जंतू खुराड्यातूनच आले का, असं तिने डॉक्टरांना विचारलं, नंतर मारिबेललाही विचारलं. दोघांनी सांगितलं की जंतूवर पत्ता लिहिलेला नसतो. असे जंतू आता कितोतही आहेत. मावशीला हे उत्तर आवडलं नाही. ज्या नळीवर नंबर नाही ती तिच्या लेखी नळीच नव्हे.

घरी आल्यावर निन्फाने पुढची पन्नास पिल्लं पुडीशिवाय वाढवली. पूर्वी तीन मरायची, ह्या वेळी सात मेली. महिनाभर ती मावशीला सकाळी नमस्काराऐवजी "सात" म्हणायची. मावशी खुराड्यातला ओला भुसा उपसू लागली, पाण्याची भांडी घासू लागली. पुढच्या खेपेला पाच मेली. त्यानंतरच्या खेपेला पिल्लं शिंकू लागली आणि निन्फाने गुपचूप आठवडाभर पुडी कालवली. पाणी पिवळं दिसत होतं. मावशीने विद्यापीठाच्या वहीत घर नंबर सतरासमोर तारीख घालून लिहून ठेवलं. निन्फाने ते वाचलं आणि खाली सही केली.

दुसऱ्या वर्षाचा निकाल आला. सतरा नंबर, पाच. अठरा नंबर, चार.

"म्हणजे एक औषध चालू लागलं?" मावशीने विचारलं.

"हो."

"वर्षाला एक. म्हणजे अजून चार वर्षं."

"असं सरळ मोजता येत नाही, मावशी. पुढच्या वर्षी परत पाचही होतील."

मावशीने उठून एक कोंबडी धरली आणि दुपारी नारळाच्या दुधात शिजवली. कितोची माणसं, नर्सबाई, निन्फा आणि मी जेवायला होतो. मारिबेल पातेल्यात बघत होती.

"किती वेळ शिजवलंय?"

"दोन तास. सुरी वेगळी. हात साबणाने, दोनदा."

मारिबेलने दोनदा वाढून घेतलं. नर्सबाईंनी तंगडी मागून घेतली. निन्फा म्हणाली, मीठ कमी आहे.