वाट बघायला ब्युझुमला

ईस्टरच्या सुट्टीत उत्तर समुद्रावर जायचं ठरलं ते शेवेमुळे. हसू नका, खरं सांगतेय. माझ्या सासूबाई मार्चमध्ये जळगावहून आमच्याकडे जर्मनीत, फ्रँकफुर्टजवळच्या र्युसेल्सहाइमला आल्या, त्या नेहमीसारखी अर्धी बॅग शेव घेऊन. एका संध्याकाळी त्या शेवभाजीच्या तयारीत होत्या आणि माझी नऊ वर्षांची लेक मीरा ओट्यापाशी लुडबुडत होती. ताटातल्या शेवेच्या ढिगाकडे बघून ती एकदम ओरडली, "आजी, ज़ो वास गिब्ट्स आउख इम मेअर!" म्हणजे, असलं समुद्रातही असतं. मीराला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून बाहेर पडते ती जर्मनच. त्यामुळे दोघींच्या मधे कायमची दुभाषी मी.

प्रकरण असं, की गेल्या वर्षी तिच्या वर्गाची सहल ब्युझुमला गेली होती. हॅम्बुर्गच्या वर, पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं गाव. तिथे ओहोटी लागली की समुद्र पार नजरेआड निघून जातो आणि त्याचा तळ उघडा पडतो. त्या ओल्या चिखलाच्या मैदानाला जर्मनमध्ये म्हणतात 'वाट'. चिखलातली गांडुळं वाळू खाऊन वर जी वेटोळी टाकतात, ती हुबेहूब सोऱ्यातून पाडलेल्या शेवेसारखी. लोक गमबूट घालून, नाहीतर सरळ अनवाणी, समुद्राच्या तळावरून फिरून येतात.

"वाट? मग आपलीच की," आई म्हणाल्या. "समुद्रातली वाट. मला बघायचीय बाई."

आणि मीरा चक्क मराठीत म्हणाली, "आजी, मी दाखवते."

आईंचा चेहरा असा काही फुलला की भाजी खाली लागली तरी कोणाला पत्ता नाही. आल्या आल्याच त्यांनी सांगून टाकलं होतं, की गुडघे आता एवढा विमानप्रवास पुन्हा करू देणार नाहीत, ही खेप शेवटची. तीन खेपांत त्यांनी स्वतःहून काहीसुद्धा मागितलेलं नव्हतं. आता हे एकच मागितलं, नातीचा हात धरून त्या वाटेवर चालायचं.

नवऱ्याला, अमोलला, सुट्टी मंजूर झाली नाही. म्हणून आम्ही तिघीच.

बारा वर्षांत मी जर्मन झाले ती दोन बाबतींत. बाटल्या रंगांप्रमाणे वेगळ्या टाकते आणि हवामान बघितल्याशिवाय पाऊल उचलत नाही. माझ्या फोनमध्ये हवामानाची तीन ॲप आहेत, तिन्ही एकमेकांशी भांडतात आणि मी न्यायनिवाडा करते. त्या आठवड्यात मात्र तिघांचं एकमत होतं. रविवार ते मंगळवार ढगाळ, वारा मंद. बुधवारी सरी. गुरुवारपासून 'फ्रॉइंडलिश'. हा शब्द मला फार आवडतो. फ्रॉइंडलिश म्हणजे खरं तर मनमिळाऊ, पण हवामानाच्या अंदाजात त्याचा अर्थ, ऊन पडणार. एप्रिलमधल्या उत्तर किनाऱ्यावर सलग दोन दिवस ऊन म्हणजे लॉटरीच. मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वाटेवर जायचं ते गुरुवारी.

तुम्ही जाणार असाल तर रस्ता सोपा आहे. फ्रँकफुर्टहून थेट गाडीने हॅम्बुर्ग-आल्टोना, तिथून किनाऱ्याकडची रीजनल गाडी, हाइडला उतरून शेवटची छोटी गाडी ब्युझुमची. सकाळी निघालात की दुपार कलताना पोहोचता. जागा आधीच राखून ठेवा, ईस्टरला उभं राहायची वेळ येते. खाण्याचं म्हणाल तर गावभर छोट्या कोळंब्यांचे पाव मिळतात, शाकाहाऱ्यांची मात्र बटाट्यावर बोळवण होते. आमच्याकडे आईंच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, आम्ही राजेशाही थाटात गेलो. घर घेतलं तर स्वयंपाकघर असलेलंच घ्या. आणि कुअरटाक्स, म्हणजे किनाऱ्यावर राहण्याचा रोजचा कर, घरमालकाकडेच भरा. त्याची पावती दाखवूनच समुद्राकाठी सोडतात.

रविवारी सकाळी आम्ही समुद्र अडवायला घातलेल्या बांधावर चढलो. ब्युझुमला वाळूचा किनारा जवळजवळ नाहीच, आहे तो गवताचा हिरवागार उतार, आणि त्याच्यापुढे समुद्र. किंवा त्या वेळी, समुद्र नाही. ओहोटी नुकतीच पूर्ण झाली होती. राखाडी आभाळाखाली तळ पसरलेला, लांबवर माणसांचे ठिपके, आणि पान हलत नव्हतं.

आईंनी स्वेटरची बटणं लावली, हात मागे बांधले आणि म्हणाल्या, "काय छान हवा पडलीय!"

"आई, ही कसली छान? गुरुवारी बघा तुम्ही. लख्ख ऊन असणार आहे, आल्झो, म्हणजे एकदम फोटोसारखं."

"हो का? बरं. तू इथली, तुला माहीत."

मीराने माझी बाही ओढली. "मामा, आजी विल येत्स्ट." जर्मनमधली 'मामा' म्हणजे आई, म्हणजे मी; आजीला आत्ताच जायचंय. मी म्हटलं, आजी तसं म्हणाली का? नाही ना? मग चला. आम्ही बंदरात गेलो, बोटी बघितल्या, फिरत्या गाडीवरचे तळलेले बटाटे खाल्ले.

सोमवारी पुन्हा तेच आभाळ. बांधावर मेंढ्यांची नवी कोकरं सोडली होती, लटपटत्या पायांनी आयांच्या मागे धावत होती. मीरा त्यांच्यात इतकी रमली की दोन तास कसे गेले कळलं नाही. आई बाकावर बसून समुद्र गेलेल्या दिशेला बघत होत्या. "आज तर कालच्यापेक्षाही छान हवा आहे, नाही?" त्या म्हणाल्या. मी ॲप उघडून दाखवलं, गुरुवारच्या चौकोनात पिवळाधम्मक सूर्य. त्यांनी चष्मा वर करून तो नीट बघितला आणि मान डोलावली.

मंगळवारी तर मी त्यांना घरीच बसवलं. गुडघ्यांना विश्रांती, म्हणजे गुरुवारी त्रास नको, असा माझा हिशोब. त्या दिवसातलं एक मात्र मला कोणी परत दिलं तर मी लगेच घेईन. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून आजीने नातीला वाटेवर लागणारे शब्द शिकवले. चिखल. शिंपला. खेकडा. गांडूळ. मीराला 'ळ' येत नव्हता. "गांडूल," ती म्हणायची, आणि आजी जीभ वळवून दाखवायची, आणि दोघी हसून हसून लोळायच्या. मी दुसऱ्या खोलीत होते. पहिल्यांदाच कोणाला दुभाषी लागत नव्हती.

बुधवारी सरी आल्या, अगदी अंदाजाबरहुकूम. बघा, मी म्हटलं, कसं तंतोतंत असतं ते. संध्याकाळी दक्षिणेकडून उबदार वारा सुटला. मी तिघींचे गमबूट दाराशी ओळीने मांडले.

गुरुवारी सकाळी पडदा सारला आणि मला वाटलं काचेला आतून वाफ धरलीय. हाताने पुसलं. वाफ बाहेर होती. समोरचं घर नव्हतं, रस्ता नव्हता, काहीच नव्हतं. तिन्ही ॲपवर सूर्य झळकत होता. तरीही आम्ही बूट घालून गेलो, कारण आशा सुटत नाही. बांधाच्या पायऱ्या उतरलो, तर खालच्या पायऱ्या पांढऱ्यात बुडालेल्या. वाटेवर लोकांना नेणारा वाटाड्या पिवळ्या जॅकेटमध्ये उभा होता, जमलेल्यांना परत पाठवत होता.

"धुक्यात मी कोणाला बाहेर नेत नाही," तो जर्मनमध्ये म्हणाला. "दिशा कळत नाही, आणि पाणी मागून येतं."

"पण अंदाजात ऊन आहे," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, तो शांतपणे म्हणाला. "ऊन आहे. हाइडला."

हाइड तिथून गाडीने अर्ध्या तासावर. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की वसंतात समुद्र अजून हिवाळ्याइतकाच गार असतो, आणि जमिनीवरची उबदार हवा त्याच्यावर गेली की धुकं धरतं. म्हणजे मी ज्या उन्हाची आठवडाभर वाट बघितली, त्याच उबेने समुद्र झाकून टाकला होता.

मीरा रडायला लागली. आईंनी तिला जवळ घेतलं आणि कठडा धरून शेवटच्या पायरीवर गेल्या. बूट काढला, मोजा काढला, साडी जरा वर धरली आणि उजवा पाय चिखलात टेकवला. क्षणभर तसाच ठेवला. "गार आहे गं," त्या म्हणाल्या, आणि वर आल्या. आजूबाजूला शेव असेल-नसेल, काही दिसत नव्हतं.

शुक्रवारी धुकं हटलं ते दुपार उलटल्यावर. तोवर समुद्र परत येऊन बांधाला टेकला होता. आणि काय ऊन पडलं म्हणून सांगू! पाणी चांदीसारखं झळाळत होतं. अख्खं गाव बाहेर आलं, लोक अर्ध्या बाह्यांत फिरायला लागले. आम्ही एक श्ट्रांडकोर्ब भाड्याने घेतला, छप्पर असलेली वेताची खुर्ची असते ती. आईंनी काय करावं? मला खुर्ची फिरवायला लावली. सगळ्यांच्या खुर्च्या उन्हाकडे तोंड करून, आमची एकटीची पाठ. त्यावरही त्यांनी पदर डोक्यावरून ओढून घेतला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या त्यांच्या डोळ्यांना ती झळाळी सोसवत नव्हती, पाणी वाहत होतं.

"आई, ऊन नको का तुम्हाला?"

"अगं, ऊन बघायला मी जळगावहून आले का?"

वैशाखात जळगावला एखादा दिवस ढगाळ निघाला की शेजारणी एकमेकींना हाक मारून सांगतात, आज हवा छान आहे. मी नागपूरची. हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? आमच्याकडेही छान हवा म्हणजे ऊन नसलेली हवा. मी ते विसरले होते इतकंच.

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलले की. रोज म्हणत होते, छान हवा आहे, छान हवा आहे. चला म्हणायचं ते अजून कसं म्हणतात?" मग माझा चेहरा बघून त्यांनीच हसण्यावारी नेलं. "जाऊ दे. वाट बघायला आलो आणि वाट बघतच बसलो."

मी हसले. मला हसू येत नव्हतं. शनिवारी आम्ही परतलो.

तेव्हा वाचकहो, ब्युझुमला जरूर जा. जाताना हवामान बघू नका असं मी सांगणार नाही, पण आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा, ते बंदरात सगळीकडे मिळतं आणि ते चुकत नाही. आणि पहिल्या दिवशी पाणी बाहेर असेल, धुकं नसेल आणि बरोबरचं माणूस निघायला तयार असेल, तर निघा. मला लोक म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा जा ना. आम्ही जाऊही. आई येणार नाहीत.

मेमध्ये त्या जळगावला परत गेल्या. विमानतळावर त्यांनी मीराला बाकीची शेव दिली, आणि मीराने डब्यावर चिकटपट्टी लावून ठेवलीय, कोणाला हात लावू देत नाही. गेल्या रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. मागे पंखा घरघरत होता, खिडकीला ओल्या चादरीचं आवरण.

"कशी आहे गं हवा तुमच्याकडे?" त्यांनी विचारलं.

मी बाहेर बघितलं. खाली उतरलेलं राखाडी आभाळ, बारीक भुरभुर, अंगणात कोणी नाही. मी तोंड उघडून म्हणणार होते, काय सांगू आई, नुसती घाण. त्याआधी मीराने फोन माझ्या हातातून घेतला, खिडकीशी नेला आणि कॅमेरा बाहेर वळवला.

"आजी, बघ," ती म्हणाली, एकही जर्मन शब्द न घालता. "आज खूप छान हवा आहे. चल ना."