मोरीत कपाटवालं बेसिन

दोस्तांनो, कॅरमच्या खोलीतली ही वही तुम्ही सगळे वाचता, म्हणून आज दुपारचं इथेच लिहितोय. हसायचं असेल तर आधी पूर्ण वाचा.

जिला मी लग्नाचं विचारलंय, तिच्या वडिलांचं म्हणणं तुम्हाला माहीत आहे. कॉलेज अर्धवट सोडलेला, चाळीत राहणारा जावई त्यांना नको. तीसुद्धा तीन महिने हो-नाही काहीच बोलत नव्हती. माझं डोकं फिरलं. म्हटलं, आपलं घर फ्लॅटसारखं करून दाखवतो. तिला घेऊन घाटकोपरच्या दुकानात गेलो आणि खाली कपाट, वर आरसा असलेलं गुलाबी बेसिन पसंत केलं.

दुकानदाराने विचारलं, "बाथरूम केवढं आहे?"

"तीन बाय तीनची मोरी," मी म्हणालो. तो हसला. मी भडकलोच. "हसतोस काय रे? फुकट मागतोय का?"

तिने मला बाहेर ओढलं. "गप्प बस. हे नको."

"का? तुलापण लाज वाटते ना माझ्या घराची?"

"येड्या, हे बसवलं तर तुझी आई भांडी कुठे घासणार? आणि मी अंघोळ करून आठला ऑफिसला कशी निघणार?"

त्यावरही मी भांडलो. तिला बसमध्ये बसवून परतताना, अर्ध्या रस्त्यात कळलं ती काय म्हणाली ते. माझी मोरी तिने मनात कधीच मांडून ठेवली होती, स्वतःच्या बादलीसकट. मी मात्र आरसा बघत होतो.

खरं सांगा रे, रागाच्या भरात मी तिचं आणखी काय काय ऐकलंच नसेल?