करंजाड्याचं वळण आणि माझं कॉपी-पेस्ट

मी महामार्गांची वळणं डिझाइन करायचे, तेव्हा मला साधी स्कूटीसुद्धा चालवता येत नव्हती. बेलापूरच्या एसी ऑफिसात बसून ट्रक किती वेगात कसा वळेल हे मी ठरवायचे, आणि संध्याकाळी रिक्षाने खारघरला जाताना प्रत्येक वळणावर दांडा घट्ट धरायचे. यात काही विनोदी आहे असं ऑफिसात कुणालाच वाटत नसे.

करंजाड्याजवळ महामार्गाला जोडणारा एक रस्ता आम्ही डिझाइन केला होता. तो सुरू होऊन दोनेक महिने झाले आणि तक्रार आली, की वळणावर गाड्या बाहेर फेकल्या जातात.

"ड्रायव्हर लोक मोबाइल बघतात, दुसरं काय!" साहेब म्हणाले. "तू जा, चार फोटो काढ, रिपोर्ट टाक."

वळणाच्या बाहेरच्या अंगाला एका आगरी मावशींची नर्सरी होती. कुंपण आडवं झालं होतं. जास्वंदीच्या कुंड्यांचा चुरा झाला होता आणि त्यावर टोमॅटोचा चिखल. आदल्या दिवशी टोमॅटोचा टेम्पो थेट आत आला होता. ड्रायव्हरचं खरचटण्यावर निभावलं.

"तू रस्तेवाली काय?" मावशींनी विचारलं.

"हो."

"मग बस." त्यांनी स्वतःच्या रोपांच्या टेम्पोचं दार उघडलं, मला शेजारी बसवलं आणि गाडी वळणावर घातली. मी सरकत जाऊन दारावर आपटले.

"मावशी, हळू!"

"हलूच चाललंय. पन्नासवर हाय."

गोष्ट साधी आहे. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवतात, म्हणजे गाडी आत झुकते आणि बाहेर फेकली जात नाही. इथे कड उलट खाली गेलेली वाटत होती. मी सर्व्हेच्या माणसांना बोलावून मोजलं. बाहेरची कड रस्त्याच्या मध्यापेक्षा चांगली चार बोटं खाली होती. सरळ रस्त्यावर पाणी वाहून जावं म्हणून देतात, अगदी तसा उतार.

साहेब खूश झाले. "कंत्राटदाराने घोळ घातलाय. लिही तसं."

लिहिण्याआधी मी ड्रॉइंग उघडलं. कागदावरही तोच उतार होता. सरळ भागाचं शीट मी वळणासाठी कॉपी केलं होतं, वरचं नाव बदललं होतं, आणि आतलं बदलायचं विसरून चहाला गेले होते. कंत्राटदाराने बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ड्रॉइंगबरहुकूम काम केलं होतं.

मी शीट साहेबांपुढे ठेवलं. "सर, हे माझं आहे."

त्यांनी चष्मा पुसला. खाली 'तपासले' या शब्दापुढे त्यांची स्वतःची झोकदार सही होती. तिच्यावर त्यांनी चष्म्याचं घर सरकवलं.

"कंत्राटदाराला सध्या राहू दे," ते म्हणाले.

रस्ता दुरुस्त करायला सांगणाऱ्या पत्रात मी 'चूक' लिहिलं, त्यांनी खोडून 'त्रुटी' केलं. पण पत्र गेलं. नवीन ड्रॉइंग मी तीनदा तपासलं आणि साहेबांनी, नोकरीत प्रथमच असावं, सही करण्याआधी वाचलं.

मावशींना सांगायला मी एकटीच गेले. सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"तुजी चूक? आनि मना वाटलं तो पिऊन आला! मी त्या टमाटेवाल्याच्या कानफटात दिली नं गो!"

मी नकळत एक पाऊल मागे सरले.

"घाबरू नको. कुंड्या उचल."

त्या दिवशी ऊन उतरेपर्यंत मी रस्त्याकडच्या उरलेल्या, मातीने भरलेल्या कुंड्या मागच्या भिंतीशी नेत होते. कंबरेचे काटे ढिले झाले. मावशी खुर्चीत बसून, कुठली कुठे ठेवायची ते सांगत होत्या. मधेच त्यांनी त्या ड्रायव्हरला फोन लावला आणि म्हणाल्या, "माफ कर रे बाबा, चूक करनारी गावली. इकडंच हाय, मेहनत करते."

पुढे रस्ता उकरून बाहेरची कड उचलली. वाहतूक पुन्हा सुरू झाली त्या सकाळी मी कुणी न बोलावता तिथे जाऊन उभी राहिले. विटांनी भरलेला पहिला ट्रक आला, तेव्हा मी श्वास रोखला. तो वळला आणि निघून गेला. मावशी गुलाबांना पाणी घालत होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.